घरच्या डेस्कटॉपला कोणती फाइल सिस्टिम घ्यावी? घणसोलीहून आलेल्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात सांगतो. फाइल सिस्टिम म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची आणि सांभाळायची पद्धत; ईएक्सटी४, बीटीआरएफएस, झेडएफएस ही अशा पद्धतींची नावं. घणसोलीत राहणाऱ्या एका गृहस्थांनी नवा डेस्कटॉप जुळवला आहे. १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) आणि ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क. त्यावर लिनक्स मिंट टाकायचं आहे. एका डिस्कवर ईएक्सटी४ मध्ये घरातले सगळे फोटो, मुलीच्या गॅदरिंगचे व्हिडिओ आणि आईंनी जात्यावर म्हटलेल्या ओव्यांची रेकॉर्डिंग्ज आहेत. दुसरी डिस्क कोरी आहे. हिशेबाच्या कामासाठी विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये (लिनक्सच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) चालवायचं आहे. पावसाळ्यात वीज जाते-येते, घरात साधा इन्व्हर्टर आहे. त्यांनी वाचलेलं असं: झेडएफएस सर्वात भक्कम, पण तिला ईसीसी रॅम (स्वतःच्या चुका सुधारणारी मेमरी) लागते, बीटीआरएफएस डेटा खाते. मग ईएक्सटी४ वरच राहावं का?

माझं उत्तर: बीटीआरएफएस घ्या. दोन डिस्कांची रेड १ जोडी (दोन्हींवर एकाच वेळी तोच डेटा) मात्र सध्या करू नका. आणि झेडएफएसचा विचार चार डिस्कांचं वेगळं मशीन घ्याल तेव्हा करा. मी महापेला एका डेटा सेंटरमध्ये स्टोरेज सांभाळतो आणि ठाण्यातल्या ओळखीपाळखीच्या घरांतली मशीनंही माझ्याकडेच येतात. या दोन ठिकाणच्या गरजा अगदी वेगळ्या आहेत, आणि इंटरनेटवरचा बराचसा सल्ला पहिल्या ठिकाणचा असतो.

घरी डेटा जातो तो बहुतेक वेळा तीन वाटांनी. हाताने चुकून डिलीट होतो, डिस्क एकाएकी बंद पडते, किंवा फाइल जागच्या जागी आतून खराब होते आणि कुणाला पत्ताच लागत नाही. पहिल्या दोन लगेच कळतात. तिसरीचं मला जास्त भय वाटतं, कारण ती कळते चार-पाच वर्षांनी, फोटो उघडल्यावर. वरचा अर्धा भाग ठीक आणि खालचा करडा. तोवर जुनी डिस्क फॉरमॅट झालेली असते, नव्या डिस्कवर तीच खराब फाइल कॉपी झालेली असते आणि बॅकअपमध्येही तीच असते.

ईएक्सटी४ इथे हतबल आहे. ती वाईट अजिबात नाही. २००८ च्या डिसेंबरमध्ये लिनक्सच्या २.६.२८ कर्नलमध्ये (गाभ्यात) ती स्थिर म्हणून आली आणि आज जगातल्या असंख्य मशीनवर मुकाट काम करते आहे. पण ती चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ठेवते फक्त स्वतःच्या नोंदींचे, म्हणजे मेटाडेटाचे. तुमच्या फोटोतले बाइट्स बरोबर आहेत की नाहीत, हे तिला माहीत नसतं. डिस्कने जे हातात दिलं ते ती पुढे देते. एक्सएफएस या आणखी एका फाइल सिस्टिमचंही तेच. मोठ्या फाइलींना ती फार चांगली आहे, रेड हॅट या लिनक्स कंपनीने २०१४ पासून आपल्या सर्व्हरवर तीच मूळ निवड ठेवली आहे, पण तिचे चेकसमही मेटाडेटापुरतेच, आणि एकदा केलेलं पार्टिशन लहान करायची सोय जवळजवळ नाहीच.

बीटीआरएफएस आणि झेडएफएस प्रत्येक डेटा ब्लॉकचा चेकसम ठेवतात आणि वाचताना दर वेळी पडताळतात. जुळला नाही आणि दुसरी प्रत हाताशी नसेल, तर फाइल द्यायला साफ नकार देतात. कॉपी करताना 'इनपुट/आउटपुट एरर' येते आणि काम त्या फाइलवर अडतं. बऱ्याच लोकांना हा नकार म्हणजे दोष वाटतो. "ईएक्सटी४ वर कधी एरर येत नव्हती, हिच्यावर येते, म्हणजे हीच डेटा खाते," असं मी कितीतरी वेळा ऐकलं आहे. बीटीआरएफएसच्या बदनामीचा एक मोठा भाग इथून येतो. खराब फाइल बॅकअपच्या दारात अडली, म्हणजे बॅकअपमधली चांगली प्रत वाचली. घरच्या मशीनला फाइल सिस्टिमकडून हवं असलेलं सर्वात मोलाचं काम हेच आहे.

एक उदाहरण जवळून सांगतो. नौपाड्यातल्या एका छायाचित्रकार मित्राच्या मशीनमध्ये बीटीआरएफएसवर दोन डिस्क आहेत. महिन्याच्या स्क्रबनंतर (सगळी डिस्क वाचून चेकसम पडताळण्याच्या फेरीनंतर) त्याने आकडे पाठवले. 'बीटीआरएफएस डिव्हाइस स्टॅट्स' ही आज्ञा प्रत्येक डिस्कमागे पाच आकडे देते: लिहितानाच्या चुका, वाचतानाच्या चुका, फ्लशच्या चुका, करप्शन (चेकसम न जुळणं) आणि जनरेशन. त्याच्याकडे वाचतानाच्या चुका दोन्ही डिस्कांवर शून्य होत्या, पण करप्शनचा आकडा दोन्हींवर वाढलेला. दोन वेगळ्या डिस्क एकाच आठवड्यात, आणि त्याही वाचायला काही अडचण न येता, बिघडत नाहीत. म्हणजे दोष दोघींना सामाईक असलेल्या कशात तरी हवा. रात्रभर मेमटेस्ट (रॅमची चाचणी) लावली, सकाळी स्क्रीनवर लाल ओळी होत्या. रॅमची एक पट्टी गेली होती. ती बदलली, स्क्रबने सांगितलेल्या मोजक्या फाइली बॅकअपमधून परत आणल्या, विषय संपला. साध्या फाइल सिस्टिमवर ती पट्टी तशीच महिनोन्‌महिने फाइली नासवत राहिली असती.

उलट प्रकारही लक्षात ठेवा. वाचतानाच्या चुका एकाच डिस्कवर वाढत असतील तर स्मार्टचे आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, बघा. ५ आणि १९७ क्रमांकाचे वाढले तर डिस्क जायच्या बेतात आहे. फक्त १९९ वाढला तर आधी साटा केबल बदला. आपल्याकडे खाडीकाठच्या दमट हवेत, त्यात एमआयडीसी शेजारी, कनेक्टर काळे पडतात. शंभर-दीडशे रुपयांच्या केबलमुळे चांगली डिस्क भंगारात गेलेली मी पाहिली आहे.

आता वीज. जुन्या पद्धतीची फाइल सिस्टिम आधी कच्च्या वहीत नोंद करते, मग पक्क्या वहीत जुनी ओळ खोडून नवी लिहिते. मध्येच दिवे गेले तर कच्ची वही बघून निस्तरते. बीटीआरएफएस आणि झेडएफएस जुन्या ओळीला हातच लावत नाहीत. नवा मजकूर कोऱ्या पानावर लिहितात आणि सगळं उतरल्यावर अनुक्रमणिकेतला पान क्रमांक तेवढा बदलतात. वीज केव्हाही गेली तरी जुनं पान शाबूत असतं. स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या फाइलींचं जपलेलं रूप) जवळजवळ फुकट मिळतात तेही याच कारणाने: जुनं पान फाडायचं नाही, एवढंच सांगायचं.

पण यात एक अट आहे. डिस्कने 'लिहून झालं' म्हटलं की ते खरोखर झालेलं असलं पाहिजे. काही स्वस्त एसएसडी आणि काही यूएसबी अडॅप्टर इथे खोटं बोलतात. अनुक्रमणिका बदलते पण पान लिहिलेलंच नसतं, आणि पुढच्या वेळी 'पेरेंट ट्रान्सआयडी व्हेरिफाय फेल्ड' म्हणून बीटीआरएफएस माउंट व्हायला (वापरासाठी उघडायला) नकार देते. शिवाय बीटीआरएफएस साधारण दर ३० सेकंदांनी सगळं डिस्कवर पक्कं करते, ईएक्सटी४ दर ५ सेकंदांनी. प्रोग्रामने स्वतः आग्रह धरून लिहून घेतलं नसेल, तर त्या अर्ध्या मिनिटातलं काम जाऊ शकतं. तुमच्याकडे वीज वारंवार जात असेल तर माउंट करताना 'कमिट' १० वर आणा, घरच्या वापरात फरक जाणवणार नाही.

त्याहून महत्त्वाचं, ६०० व्हीएचा छोटा यूपीएस घ्या आणि त्याची यूएसबी वायर डेस्कटॉपला जोडा, म्हणजे बॅटरी उतरायला लागली की मशीन आपोआप नीट बंद होईल. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदमच अंधारात गेली होती. अशा वेळी मशीन सावकाश बंद करायला पाच मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. यूपीएस येईपर्यंत इन्व्हर्टरवरचं बटण 'यूपीएस मोड'वर आहे ना ते पाहून घ्या. दुसऱ्या मोडमध्ये वीज बदलताना जो क्षण जातो त्यात पंखा फिरत राहतो, पण डेस्कटॉप रीस्टार्ट होतो.

झेडएफएसबद्दल मला मनापासून आदर आहे. सन मायक्रोसिस्टम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी २००१ मध्ये तिचं काम सुरू केलं, २००५ मध्ये तिचा कोड खुला झाला, आणि ऑफिसात मी जिच्यावर सर्वात निर्धास्त असतो ती हीच. ईसीसी रॅमची सक्ती ही मात्र अफवा आहे. खुद्द अहरेन्स यांनी स्पष्ट केलं आहे की इतर फाइल सिस्टिमपेक्षा झेडएफएसला ईसीसीची गरज जास्त आहे असं काही नाही. ईसीसी असेल तर कुठल्याही फाइल सिस्टिमसाठी उत्तमच. टीबीमागे एक जीबी रॅम हा नियमही घरच्या वापराला लागू नाही. डीडुप्लिकेशन (सारखा डेटा एकदाच ठेवणं) चालू केलंत तर मात्र रॅम खरोखर पुरत नाही, म्हणून ते चालू करू नका.

तरी तुम्हाला ती का सुचवत नाही? तिचं लायसन्स सीडीडीएल, ते लिनक्सच्या जीपीएलशी जुळत नाही, म्हणून ती मूळ कर्नलमध्ये येत नाही. उबंटू आणि त्यावर बेतलेलं मिंट तिचं मॉड्यूल सोबत देतात, त्यामुळे तुमची रोजची अडचण होणार नाही. पण उद्या मशीन उभंच राहिलं नाही आणि शेजारच्याकडून कुठला तरी लाइव्ह पेनड्राइव्ह आणलात, तर त्यात झेडएफएस असेलच असं नाही. त्यातही 'झेडपूल अपग्रेड' एकदा करून ठेवलंत तर जुन्या आवृत्तीला तो पूल (झेडएफएसच्या डिस्कांचा गट) कदाचित उघडता येणार नाही, आणि ते अपग्रेड मागे घेता येत नाही. शिवाय ती स्वतःच्या कॅशसाठी लिनक्सवर वर्षानुवर्षे निम्मी रॅम धरत आली आहे. तुमच्या १६ जीबीत विंडोजचं व्हर्च्युअल मशीन, ब्राउझर आणि व्हिडिओ एडिटिंग एकत्र चालणार. कॅशला मर्यादा घालता येते, पण ती घालत बसावी लागते. चार-सहा डिस्कांचं वेगळं नॅस (नेटवर्कवरचं स्टोरेज मशीन) केलंत तर मी बेलाशक झेडएफएस सांगेन. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ओपनझेडएफएस २.३ पासून रेडझेडमध्ये (झेडएफएसच्या स्वतःच्या रेडमध्ये) एकेक डिस्क वाढवायची सोयही झाली आहे.

आणि 'सर्वोत्तम' म्हटली जाणारी फाइल सिस्टिमही माणसांनीच लिहिलेली असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये झेडएफएसमध्येच डेटा खराब करणारा एक दोष उघडकीला आला आणि २.२.२ मध्ये तो दुरुस्त झाला. बीकॅशएफएस या नव्या फाइल सिस्टिमचं नाव तुमच्या वाचनात आलं असेल. जानेवारी २०२४ च्या ६.७ कर्नलमध्ये ती आली आणि २०२५ मध्ये ६.१८ मधून तिला बाहेर काढण्यात आलं. तिच्यात कल्पना चांगल्या आहेत, पण आईंच्या ओव्या तिच्यावर ठेवू नका.

बीटीआरएफएसची खरी उणीव आहे ती रेड ५ आणि रेड ६ मध्ये. लिहिताना वीज गेली तर पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायचा हिशेब) आणि डेटा जुळत नाहीत, आणि हा प्रश्न अजून सुटलेला नाही. ती वापरू नका, विषय बंद. रेड हॅटने आपल्या आरएचईएल ८ या लिनक्समधून बीटीआरएफएस काढून टाकली हेही खरं. पण फेडोरा लिनक्सने २०२० मध्ये ३३ व्या आवृत्तीपासून डेस्कटॉपला तीच मूळ निवड केली, सुसेने एंटरप्राइज सर्व्हरवर २०१४ पासून, आणि फेसबुकच्या सर्व्हरवर ती मोठ्या प्रमाणात चालते. एक किंवा दोन डिस्कांवर ती आज भरवशाची आहे.

आता तुमच्या मशीनकडे वळू. एनव्हीएमईवर मिंट टाकताना पार्टिशन हाताने निवडायचा पर्याय घ्या आणि मूळ पार्टिशन बीटीआरएफएस करा. मिंटचा इन्स्टॉलर आपणहून सिस्टिम आणि होम यांचे दोन वेगळे सबव्हॉल्यूम (पार्टिशनच्या आतले स्वतंत्र भाग) करतो आणि टाइमशिफ्ट या स्नॅपशॉट घेणाऱ्या साधनाला नेमकी तीच रचना लागते. फेडोरात नावं वेगळी असल्याने टाइमशिफ्ट तिथे अडतं, हे कुणाला उपयोगी पडेल म्हणून सांगून ठेवतो. रोजचे पाच आणि आठवड्याचे तीन स्नॅपशॉट पुरेत. टाइमशिफ्टमध्ये क्वोटा गटांची खूण असेल तर ती काढा, नाहीतर स्नॅपशॉट वाढले की मशीन जड होतं. झेडस्टँडर्डचं कॉम्प्रेशन १ या पातळीवर ठेवा. फोटो-व्हिडिओ त्याने लहान होत नाहीत, सिस्टिमच्या फाइली मात्र बऱ्याच आवळल्या जातात.

विंडोजच्या व्हर्च्युअल मशीनसाठी त्याच एनव्हीएमईवर १०० जीबीचं वेगळं एक्सएफएस पार्टिशन ठेवा. व्हर्च्युअल मशीनची ती एक प्रचंड फाइल मध्ये मध्ये सतत बदलत असते, आणि कोऱ्या पानावर लिहायच्या पद्धतीत तिचे हजारो तुकडे होतात. फोल्डरला कॉपी-ऑन-राइट (हीच कोऱ्या पानाची पद्धत) बंद करायची खूण लावा, असा सल्ला सर्रास मिळतो. त्या खुणेने चेकसमही बंद होतात हे सांगायचं मात्र राहून जातं. मग बीटीआरएफएस कशाला? त्यापेक्षा वेगळं पार्टिशन सरळ. हिशेबाच्या फाइलींचा बॅकअप विंडोजच्या आतून घ्या आणि डेटा डिस्कवर टाका.

दोन हार्ड डिस्कांबद्दल माझं मत ठाम आहे. दोनच डिस्क असताना त्यांची रेड १ करणं हा घरच्यांसाठी चुकीचा खर्च आहे. रेड १ ने मशीन चालू राहतं. एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही. ऑफिसात त्याची किंमत आहे. घरी मशीन दोन दिवस बंद राहिलं तर बिघडत नाही. पण मुलीने फोल्डर डिलीट केलं, पॉवर सप्लाय जळताना दोन्ही डिस्क घेऊन गेला, व्हायरसने सगळं कुलूपबंद केलं, तर दोन्ही प्रती एका क्षणात जातात. म्हणून एक डिस्क मशीनमध्ये बीटीआरएफएसवर ठेवा. डेटाची एकच प्रत (सिंगल), मेटाडेटाच्या दोन (डुप्लिकेट), तो आपोआपच तसा होतो. दुसरी डिस्क बाहेरच्या केसमध्ये बीटीआरएफएसवरच, आणि काम झालं की वायर काढून कपाटात. एका डिस्कवर चेकसम फक्त दोष सांगेल, दुरुस्त करणार नाही. दुरुस्ती कपाटातल्या प्रतीतून होईल.

बॅकअपसाठी बीटीआरबीके वापरा. ते स्नॅपशॉट घेतं आणि मागच्या स्नॅपशॉटनंतर जेवढं बदललं तेवढंच दुसऱ्या डिस्कवर पाठवतं. पाठवताना चेकसम पडताळला जातोच, खराब ब्लॉक लागला की काम थांबतं. एवढंच पाळा: दोन्हीकडे सामाईक असलेला शेवटचा स्नॅपशॉट जागा करायच्या नादात पुसू नका, नाहीतर पुन्हा सगळा डेटा पाठवावा लागेल. आणि ओव्या, लग्नाचे फोटो, कागदपत्रं अशा परत न मिळणाऱ्या गोष्टींची तिसरी प्रत घराबाहेर हवीच, भावाकडे कल्याणला ठेवा किंवा क्लाउडवर. २६ जुलै २००५ ला तळमजल्यावरच्या किती घरांत कपाटंच पाण्याखाली गेली, ते आपल्याकडे सगळ्यांना आठवतं. घराबाहेर जाणाऱ्या डिस्कला लक्स या लिनक्सच्या साधनाने एन्क्रिप्शन करा. बीटीआरएफएसमध्ये स्वतःचं नाही.

पुढे पैसे जमले की तिसरी डिस्क आणा. तेव्हा आतल्या डिस्कला जोडीदार देऊन चालू मशीनवरच बॅलन्स करून (डेटा नव्याने मांडून) रेड १ मध्ये बदलता येतं, फॉरमॅट करावं लागत नाही. लॅमिंग्टन रोडला घेतलीत तरी मॉडेल क्रमांक कंपनीच्या माहितीपत्रकात तपासून सीएमआर (डेटाचे पट्टे वेगवेगळे असलेली डिस्क) असल्याची खात्री करा. एसएमआर डिस्क (पट्टे एकमेकांवर चढलेली) कपाटातल्या बॅकअपला चालते, रोजच्या वापराला रडवते.

जागा किती उरली हे 'डीएफ' या नेहमीच्या आज्ञेवरून ठरवू नका, 'बीटीआरएफएस फाइलसिस्टिम यूसेज' बघा, आणि १०-१५ टक्के जागा कायम मोकळी ठेवा. फाइल पुसूनही जागा सुटत नसेल तर ती स्नॅपशॉटमध्ये अडकलेली असते. स्क्रब महिन्यातून एकदा रात्री लावा. मिंट ते आपणहून लावत नाही. ४ टीबीची डिस्क काठोकाठ भरलेली असेल तर सात-आठ तास धरा.

एक आज्ञा मात्र कधीही आपण होऊन चालवू नका: 'बीटीआरएफएस चेक'ला 'रिपेअर' जोडून. ईएक्सटी४ वाल्यांचा हात सवयीने एफएससीके या दुरुस्तीच्या आज्ञेकडे जातो, पण इथे त्याने दुरुस्त होण्याजोगी डिस्क कायमची जाऊ शकते. माउंट होत नसेल तर आधी फक्त-वाचन आणि 'रेस्क्यू ऑल' हा पर्याय देऊन माउंट करून पाहा. तेही जमलं नाही तर 'बीटीआरएफएस रिस्टोअर'ने फाइली दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. डेटा हातात आल्यावर दुरुस्तीच्या भानगडीत पडण्यापेक्षा नव्याने फॉरमॅट करणं बरं.

जुन्या डिस्कवरची ईएक्सटी४ जागच्या जागी बदलून देणारं साधन आहे, पण ते वापरू नका. कोरी डिस्क बीटीआरएफएस करा. कॉपी करण्याआधी एकदा मेमटेस्ट चालवा, मग जुन्या डिस्कवरच्या सगळ्या फाइलींच्या शा२५६ चेकसमची यादी काढा, आरसिंकने कॉपी करा, मशीन रीस्टार्ट करून तीच यादी नव्या डिस्कवर तपासा. ओव्यांची रेकॉर्डिंग्ज मात्र यादीवर न सोडता स्वतः ऐका, कारण एखादी आधीच खराब झालेली असेल तर यादी ती जशीच्या तशी बरोबर ठरवेल. जुनी डिस्क महिनाभर तशीच राहू द्या, पहिला स्क्रब शून्य चुकांनी पार पडू द्या, आणि मगच तिला फॉरमॅट करून कपाटातली बॅकअप डिस्क करा.